सुमीला भरवलेला चिकू

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. दादापाशी नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीटसं कळत नाही.

पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. नवऱ्याचं घर सोडून मी कोळगावला माहेरी आले होते. दादा बोईसरच्या एका कारखान्यात कामाला, सरावलीला भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याची सुमी सहा वर्षांची. तिला फिट यायच्या — दिवसातून आठ-आठ, दहा-दहा. सगळी औषधं करून झाली. मग मुंबईच्या डॉक्टरांनी एक आहार लिहून दिला: लोणी, साय, खोबरेल, अंडं. भात नाही, भाकरी नाही, फळ नाही, साखरेचा कण नाही. वहिनीच्या मदतीला मी सरावलीला गेले.

वहिनी घास न् घास तोलून द्यायची. रोज सकाळी सुमीच्या लघवीत डॉक्टरांनी दिलेली तपासणीची कागदी पट्टी बुडवायची. पट्टी जांभळी झाली की आहार लागू पडतोय असं समजायचं. आणि पडला हो! तिसऱ्या आठवड्यात फिट थांबल्या. त्या दिवशी वहिनी भिंतीला टेकून रडली.

मग मी — कसं सांगू?

सुमीला ते तेलकट खाणं नको व्हायचं. आईवर चिडायची, माझ्या कुशीत शिरायची. मला मूल नव्हतं. वहिनी नळावर गेली होती, मी आदल्याच दिवशी कोळगावला जाऊन आले होते, तिथल्या वाडीतले चिकू माझ्या पिशवीत होते. एक फोड भरवली. सुमीनं गळ्यात हात टाकले. "आत्या, तूच चांगली हाय. आय नाय चांगली."

दया आली म्हणून दिली, असं म्हणू? पहिल्या दिवशी आलीही असेल. पण ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी पट्टी फिकी निघाली. मला कळलं नाही का? कळलं. तरी चौथ्या दिवशी — दिलीच.

फिट परत आल्या. पूर्वीपेक्षा जोरात.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? वहिनीनं शपथ घेतली. दादा सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "मंग तुज्याच तोलण्यात खोट हाय." मी बाजूलाच उभी. डॉक्टर सुमीकडे वळले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली — नाय. सहा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली. मी बोलू दिलं.

पुढे दादानं तो आहार बंदच केला. सुमीची शाळा सुटली. एकदा फिटमध्ये स्टोव्हवर पडली, उजवा हात भाजला, बोटं चिकटली. आज ती तिशीपार आहे. बोलताना शब्द अडकतात. तिला यातलं काही आठवतं का? मी विचारलेलं नाही.

मी अजून त्यांच्याकडेच राहते. परवा सुमीची वेणी घालता घालता वहिनी मध्येच थांबली. म्हणाली, "ताई, तवा माज्याच हातून काय तरी चुकलं असंल."

मी म्हटलं, "असू दे वहिनी. तू काय मुद्दाम केलंस?"