दानियलला पोहता येत होतं

दानियल दर रविवारी डोक्याला सदरा बांधून तापी पोहून जायचा. सदऱ्याच्या गाठोड्यात केळीच्या पानात गुंडाळलेलं गीतांचं पुस्तक असे आणि छातीखाली केळीचा खांब. घड उतरवला की मळ्यात खांब कुजायला टाकून देतात, त्यातलाच एखादा ताजा बघून तो उचलायचा. बुऱ्हाणपूरच्या काठाला लागला की धोतर पिळायचा, कोरडा सदरा घालायचा आणि ओल्या पायांनी गिरजाघराकडे निघायचा. तिथली घंटा वाजवायचं काम त्याचं होतं. "घंटा वाट पाह्यते, मास्तर," एवढं म्हणून तो पाण्यात शिरायचा.

परवा दानियलच्या गावच्या शाळेची स्मरणिका माझ्या हाती आली. तिच्यात एक ओळ आहे : 'पोहण्याच्या हौसेपायी त्या काळी एक तरुण तापीत बुडाला.' हौस! माझं डोकं फिरलं. पण ती ओळ लिहिणाऱ्यावर कुठल्या तोंडाने रागावू? त्याने ती जुन्या पंचनाम्यावरून घेतली असणार, आणि तो पंचनामा माझ्या अक्षरात आहे.

गाव बुऱ्हाणपूरच्या समोर, तापीच्या पलीकडच्या काठावर. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी तिथे नवा मास्तर होतो, विशी नुकतीच ओलांडलेला. दानियल माझ्याच वयाचा, विश्राम पाटलांच्या केळीच्या मळ्यात कामाला. त्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात बरा झाला आणि बायकोपोरासकट ख्रिस्ती झाला. तेव्हापासून गावच्या नावेत त्यांना जागा नव्हती. आधी होती असंही नाही. टोकाला, चपलांपाशी बसवत. पुढे बाप वारला. आई उन्हाळ्यात पाणी उतरलं की चालत प्रार्थनेला जायची. दानियल मात्र बारमाही जायचा.

त्याला या सगळ्याचा राग यायचा नाही, याचा मला राग यायचा. "मी तं आंघोळ करून देवाच्या दारी जातो," तो हसून म्हणायचा, "तुमचे लोक नावेतून पारोसेच उतरतेत."

संस्थानं विलीन होत होती ते दिवस. संध्याकाळी मी चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. आज हे संस्थान आलं, काल ते आलं. पाटील मांडीवर थाप मारायचे, "झाला! देश एक झाला!" दानियल पायरीखाली उभा राहून ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, "मास्तर, आपली नाव कधी विलीन व्हनार?" चावडी हसली. पाटील हसले नाहीत.

श्रावणातला रविवार होता. देवळाच्या पितळी कळसाला पोचा पडला होता. तो काढून घ्यायला आम्ही कळस शहरातल्या तांबटाकडे नेत होतो. नावेत पाटील, त्यांचे दोन भाऊबंद, नावाडी आणि मी. मास्तर सोवळ्यातला म्हणून कळस माझ्या मांडीवर दिलेला. त्या मानाने मी फुगलो होतो, हेही लिहून ठेवतो.

पाणी गढूळ आणि ओढीचं होतं. नावेपासून थोड्या अंतरावर दानियल नेहमीसारखा खांबावर पोहत निघाला होता. मध्यावर आलो तेव्हा वरून वाहत आलेलं एक झाड दानियलच्या अंगावर गेलं. खांब सुटला. तो दोन हात मारून नावेपाशी आला आणि त्याने काठ धरला. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर त्याची बोटं होती. कपाळातून रक्त येत होतं. डोक्यावरचं गाठोडं तेवढं जागच्या जागी होतं.

"हात काढ, दान्या," पाटील म्हणाले. "नावेत कळस हाये."

"काढतो, पाटील. जरा दम घेऊ द्या."

"काढ म्हनलं ना! सगळं बाटवतो का?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी धरा ना मले."

माझे दोन्ही हात कळसावर होते. तो खाली ठेवता आला असता. पायांशी जागा होती. मी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी वहाणेची टाच त्याच्या बोटांवर ठेवली आणि दाबली. नावाड्याने तोंड फिरवलं. बोटं सुटली, आणि मी कळस आणखी घट्ट धरला.

कळस वेळेवर तांबटाकडे पोचला. दानियल दोन दिवसांनी खालच्या अंगाला सापडला. सदऱ्याची गाठ तेव्हाही सुटलेली नव्हती.

पंचनामा पाटलांनी सांगितला, मी लिहिला. 'मयतास नीट पोहता येत नव्हते. मनाई केली असताही हौसेने पाण्यात उतरला.' पंच म्हणून खाली माझीही सही.

आठवड्याने त्याची आई शाळेत आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "मास्तर, तुमी लिवलं का, माह्या पोराले पोहता येत नव्हतं?"

मी म्हणालो, "आई, कागदावर तसंच लिहावं लागतं."

ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ज्यानं त्याले कधी पोहताना पाह्यलं नाही त्यानं लिवलं असतं तं चाललं असतं." आणि गेली. मी फळ्याकडे वळलो आणि मुलांना पाढे सांगितले.

पुढे पाटील मेले, त्यांचे भाऊबंद मेले, नावाडी मेला. माझी बदली झाली, बढत्या झाल्या, निवृत्तीच्या सभेत लोकांनी माझा सच्चेपणा वाखाणला आणि मी मान डोलावली. आता त्या नावेतला मी एकटाच उरलो आहे, म्हणून पंचनामा पुन्हा लिहितो. शाळेने तो पुढच्या स्मरणिकेत छापावा. नाही छापला तर निदान त्या हौसेच्या ओळीवर काट मारावी.

मयत दानियल. मयतास उत्तम पोहता येत होते. हौसेने नव्हे, नावेत घेत नव्हते म्हणून पाण्यात उतरला. मदत मागितली. ज्याच्याकडे मागितली, त्याची सही खाली आहे.