नारळ सोसणारी पेटी

आमची सौंदर्या, म्हणजे माझ्या थोरल्या लेकाची लेक, बॅटऱ्या बांधते. घरच्या घरी जुन्या गाडीला मोटर बसवून विजेवर पळवणारे हौशी आपल्या कोल्हापुरात काही कमी नाहीत, आणि ते सगळे आमच्या दारात. विजेरीत घालतात तसले सेल ती एकाला एक जोडते आणि पत्र्याच्या पेटीत बसवते. लग्नाचं विचारलं की म्हणते, "अज्जी, आधी हे जुळवू दे." मीही आता विचारत नाही.

गल्लीतला ज्ञानू दूधवाला तिच्याकडं आला तो लंगडतच. गुडघे गेलेले, सायकल सुटलेली. भंगारातून त्यानं स्वतःच एक तीनचाकी उभी केली होती.

"बॅटरी तेवढी दे पोरी. न्हायतर म्हशी विकतो बघ."

म्हशी विकल्या तर ज्ञानू घरात बसून भांडणंच काढणार, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. सौंदर्या आधी त्याच्याबरोबर रतिबाच्या वाटेनं हिंडली, भरल्या किटल्या उचलून बघितल्या, चढ कुठं लागतो ते पाहिलं, मग पेटी बांधली. गाडी झकास पळाली.

आली खंडेनवमी. ज्ञानूनं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. गाडीचा जीव बॅटरीत, मग पूजा तिचीच नको का? म्हणून गड्यानं पाना घेऊन पेटीचं झाकण काढलं, हळदकुंकू वाहिलं आणि पेटीच्या काठावरच नारळ फोडला. पाणी सरळ आत.

सौंदर्या धावत आली. "मामा, मागं सरा! हात लावू नका!" हातमोजे घालून तिनं वायर सोडवली, पेटी उघड्यावर नेऊन वाळूत ठेवली.

"वाळली की घाल की परत," ज्ञानू म्हणाला.

"न्हाय. वाळली तरी आत क्षार राहतोय. कधी पेट घेईल सांगता येत न्हाय."

"देवाचं पाणी हाय ते!"

"व्हय, पण बॅटरीला कुठं ठाऊक हाय?"

ज्ञानू फुगला. "मग गिऱ्हाईक बघा म्हशींना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौंदर्या आपली मोपेड घेऊन त्याच्या गोठ्यापुढं उभी. नवी पेटी होईपर्यंत ज्ञानूनं तिच्या मागं बसून, मांडीवर किटली धरून रतीब घातला. वाटभर "हळू चालीव की गं!" म्हणून बोंबलत होता ते वेगळंच.

मी म्हटलं, "नव्या पेटीला कुलूपच घाल."

"कुलूप तोडतील, अज्जी. माणसं पूजा करणारच. पेटीनंच सोसायला पाहिजे."

तिनं जाड, आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचं उतरतं झाकण केलं, कडेनं रबर बसवलं. बॅटरी दिसते, हळदकुंकू वरूनच लागतं. नारळ फोडायला पुढच्या चाकाजवळ एक लोखंडी तुकडा जोडून दिला.

ज्ञानूनं तिथं नारळ फोडला तेव्हा आम्ही सगळे लांब सरून उभे. मग किटल्या ठेवून तो गाडीवर बसला आणि न थांबता चढ चढून गेला.

म्हशी गोठ्यातच आहेत. गाडीला आवाज नाही, म्हणून ज्ञानू आता दारोदार स्वतःच ओरडतो. झोप मात्र गल्लीची गेली.