किरणच्या डोक्यातले टाके

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी लातूरच्या आमच्या खोलीत गजाननने किरणच्या डोक्यात कीबोर्ड घातला. टाके पडले.

खेड्यातल्या शाळांसाठी आम्ही पाच जण एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम स्वस्तातल्या छोट्या संगणकावर बसवतोय. पण सगळा कोड जोडून बिल्ड करताना काम कधी पार पडतं, कधी मध्येच कोसळतं. आमची रीत अशी की ज्याचा बदल शेवटचा, दोष त्याचा. आज शेवटचा बदल किरणचा होता.

“लई शहाणा हायस का? सगळं मोडून ठेवलंस!” गजानन ओरडला.

“भाऊ, ह्याच कोडवर सकाळी चाललं होतं. आधी शेल बघ,” किरण म्हणाला. गजाननने कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं आणि कीबोर्ड उचलला.

किरणला दवाखान्यातून घरी सोडून मी परत आले. त्याचा बदल काढून बिल्डचा तोच हुकूम पुन्हा पुन्हा दिला. तरीही बिल्ड कोसळला. मग शेल तपासला, तर आपले हुकूम ओळीने करून घेणारा हा प्रोग्रामच कधीकधी एक काम संपायच्या आत पुढचं सुरू करत होता.

गजाननला दाखवलं, तर म्हणतो, “मग हे आधी बघायला काय झालं होतं तुला?”

मी घरातली पहिली पदवीधर. शिकलेल्या माणसांत हात उचलला जात नाही, असं मला खरंच वाटायचं. मी त्याला सांगितलं, “किरणची माफी मागेपर्यंत मी तुझ्यासोबत काम करणार न्हाई.”

बाकीचे दोघं म्हणाले, “जाऊ दे ना ताई, शाळांचं काम अडून बसंल.”

तुम्ही सांगा, जाऊ देऊ?