अळणी पेज

दादांच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. दादा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. वहाणा पायांत शिरेनात, तेव्हा कुठे आमच्या घरात डॉक्टर आला. तोवर महिनाभर आई "वात आहे, दुसरं काय!" म्हणत सुंठ उगाळून लावत होती. लावा म्हटलं, लावा!

डॉक्टरांनी दादांची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. नासक्या दुधासारखी ती पांढरी झाली. मी पंधरा वर्षांची, मराठी सातवी झालेली, म्हणून सगळं मलाच समजावून सांगितलं. रक्तातली घाण आणि जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, आणि तीच सुजलीत. मोरी तुंबली की पाणी घरात फिरतं, तसं हे पाणी अंगात फिरतंय. "मीठ बंद म्हणजे बंद. आणि दिवसभराची लघवी बाटलीत मोजायची. पथ्य मोडलं तर माझ्या हातात काही नाही."

तो मिठाच्या सत्याग्रहाचा उन्हाळा. बाहेर लोक मिठासाठी तुरुंगात जात होते आणि मी घरात मिठावर पहारा करत बसले होते. शेजारीण पापड घेऊन यायची, "एकानं काय होतंय गो?" आत्या सुकटाची चटणी झाकून आणायची. मी दारातूनच परत पाठवायची. सगळ्या म्हणायच्या, पोरगी फार तोंडाळ झाली. झाले तर झाले!

बाटलीची तर वेगळीच कटकट. आईला तिचा विटाळ. मागच्या पडवीत ठेवलेली बाटली एक दिवस तिनं मोजायच्या आधीच माडाच्या आळ्यात रिकामी केली. "घाण ती घाण, तिचं माप काय घ्यायचं?" मी कपाळावर हात मारला. आईनं मात्र स्वतःहून एक व्रत धरलं होतं. दादांना बरं वाटेपर्यंत तीही अळणीच जेवायची. बिनमिठाचा भात नुसत्या ताकाबरोबर गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याबद्दल मी तिला काही बोलत नसे.

दोन महिने झाले. सूज उतरायची सोडून गुडघ्यांवर चढली. बाटलीतलं माप रोज खाली. एवढं करून का, ते मला कळेना. मग एका सकाळी आई विहिरीवर गेली असताना दादांच्या वाडग्यात उरलेली पेज मी सहज चाखली. खारट!

"दादा, यात मीठ आहे!"

"हळू बोल गो. मीठ नाही, शेंदेलोण."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेंदेलोण, म्हणजे उपासाला चालतं ते खाणीतलं मीठ. उपासाला चालतं ते आजाऱ्याला का चालू नये, असा आईचा हिशेब. तिच्या लेखी ते मीठच नव्हे.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ती स्वतः अळणी गिळते, आणि माझ्या पेजेत तेवढी चव घालते. कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

असा राग आला दोघांचा! जीव जातोय आणि ह्यांना एकमेकांची मनं सांभाळायची आहेत. मी विहिरीकडे निघाले, तर दादांनी हात धरला. त्या सुजलेल्या हातात ताकद नव्हती, पण सोडेनात. "तिच्या शेंदेलोणानं सूज वाढली, हे तिला कळता नये. शपथ आहे माझी."

मी आईला एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी आजपासून शेंदेलोणही बंद केलंय. "रोज नवीन खूळ त्याचं," ती पुटपुटली आणि शेंदेलोणाची बरणी फळीवर चढवली. पण उशीर झाला होता. चार दिवसांनी डॉक्टर आले, पोटात पाणी झालेलं पाहिलं आणि कडाडले, "कोणी दिलं मीठ?"

"मीच चोरून लोणचं खाल्लं," दादा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मला बघवेना. डॉक्टर सगळ्यांदेखत दादांना वाटेल ते बोलले. दादा मान खाली घालून ऐकत राहिले. नवरात्राच्या आधीच ते गेले.

पुढची तीस वर्षं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "एवढे शहाणे, पण जिभेवर ताबा नाही राहिला. लोणच्यानं घात केला." दर वेळी माझ्या ओठांवर यायचं, दर वेळी मी गिळायची. मी, तोंडाळ म्हणून गावभर नाव झालेली! आमच्या घरात पुन्हा आंब्याचं लोणचं घातलं गेलं नाही. एकादशीला मात्र आई फळीवरची बरणी काढायला सांगायची, आणि तिच्या फराळासाठी शेंदेलोण मीच कुटून द्यायची.