शुभदाबाईंच्या हृदयावरचा व्रण

शुभदा वऱ्हाडपांडे यांनी यवतमाळच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली. लोकांच्या प्लॉटच्या हद्दी आणि मोजणीचे नकाशे यांतच त्यांचा जन्म गेला. समोरच्यानं नकाशा उलटा धरला तरी त्या वाचायच्या. बोलणं कमी, आवाज हळू. साहेब चिडले की फाईल पुढे सरकवून नुसत्या उभ्या राहायच्या. घरीही तसंच. नवऱ्याचं, अनंतरावांचं, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधांचं दुकान होतं आणि त्याच्यावर राहतं घर. गिऱ्हाइकं अनंतरावांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत, आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

रिटायर झाल्यावर वर्षभरात शुभदाबाईंना दम लागू लागला. पाय सुजले. जिना होईना म्हणून दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. तपासणीत हृदय फुगलेलं आणि पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलेलं निघालं, बाजूची एक शीरही बंद.

“वयानं होतं,” अनंतराव म्हणाले.

गोळ्यांचा गुण येईना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तीन तारांच्या पेसमेकरचा विषय काढला. हृदयाच्या दोन बाजू मागेपुढे आकुंचन पावत होत्या; त्या मशीननं त्यांना एका तालात आणायचं. “पण प्रत्येकाला त्याचा उपयोग होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आधी एमआरआय काढू. स्नायू कुठे जिवंत आहे ते बघू.”

शुभदाबाईंनी त्या मशीनवर भलतीच आशा लावली. मशीन बसलं की नातीला शाळेत सोडायला आपण जाणार, असं त्यांनी मुलीला, शाल्मलीला, दोनदा सांगितलं.

रिपोर्ट घ्यायला तिघं गेली. डॉक्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. हृदयाची काळी कडी दिसत होती आणि तिच्या बाहेरच्या अंगाला जाड पांढरा पट्टा.

“या पांढऱ्याची हद्द कुठवर आहे?” शुभदाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी बोट फिरवून दाखवलं. “इथून इथपर्यंत. हा जुना व्रण आहे. तिसरी तार नेमकी इथेच लावावी लागते. मेलेल्या स्नायूला कितीही वीज दिली तरी तो हलत नाही. मशीन बसवता येईल, पण तुम्हाला त्याचा फायदा होईल असं मला वाटत नाही. उगाच चिरफाड होईल.” मग त्यांनी कागदावरून नजर वर केली. “मोठा अटॅक येऊन गेलाय तुम्हाला. कधी आला होता?”

“छे, कधीच नाही,” अनंतराव म्हणाले.

“आला होता,” शुभदाबाई म्हणाल्या. “सात वर्षांपूर्वी. शाल्मलीच्या साखरपुड्याच्या दिवशी.”

त्या सकाळी साडी नेसतानाच त्यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. डावा हात जड, अंगाला घामाच्या धारा. हात जोडून दवाखान्यात चला म्हणाल्या, तर अनंतरावांनी खालून गुलाबी औषधाची बाटली आणून दोन झाकणं पाजली. “गॅस आहे. पुसदची मंडळी निघालीत, आता तमाशा नको.” मेंदीचे हात वर धरून शाल्मलीही म्हणाली होती, “आई, आजचा दिवस सांभाळून घे ना गं.” आईनं सांभाळून घेतला. चार वाजेपर्यंत पंगतीला वाढलं.

“तेव्हा लगेच दवाखान्यात आला असतात तर यातला बराच भाग वाचला असता,” डॉक्टर म्हणाले.

“तिला नीट आठवत नाही,” अनंतराव म्हणाले. शाल्मली पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

परतल्यावर शुभदाबाई बदलल्या. दुपारी भिंत धरत खोलीतून बाहेर यायच्या आणि काउंटरजवळच्या खुर्चीत बसायच्या. एक दिवस नेरकडचे किसनराव आले.

“डॉक्टरसाहेब, छातीत जळजळ करून राह्यली. मले त्या गॅसच्या गोळ्या द्या.”

अनंतरावांचा हात डब्याकडे गेला.

“किसनराव,” शुभदाबाई म्हणाल्या, “यांच्या हातची गोळी घेऊ नका. यांनी गॅस म्हणून माझा अटॅक घरातच जिरवला. जाऊन ईसीजी काढा.”

दुकानात पाच-सहा माणसं होती. किसनराव चप्पल घासत निघून गेले. अनंतरावांचे कान तांबडे झाले. पुढचे आठ दिवस शुभदाबाई येईल त्याला हेच सांगत राहिल्या, त्याच हळू आवाजात. अनंतरावांनी हात जोडले तेव्हा त्या म्हणाल्या, “साखरपुड्याला मीही जोडले होते.” त्यांना बोलताना धाप लागे, पण सुख होत होतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

नवव्या दिवशी अनंतरावांनी मुलीला आणि जावयाला बोलावून घेतलं. “खाली धूळ फार. तिला वर हलवू, हवा चांगली लागेल.” काहून हलवतात ते तिघांनाही ठाऊक होतं. शाल्मलीनं खुर्चीची एक बाजू धरली, क्षितिजनं दुसरी. सतरा पायऱ्या. शुभदाबाईंनी आरडाओरडा केला नाही.

“क्षितिजराव, जपून. तुमची पाठ भरेल,” एवढंच म्हणाल्या.

त्या पायऱ्या त्यांना पुन्हा उतरता येणार नव्हत्या. सुरुवातीला त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायच्या. ट्रकच्या आवाजात त्या कुणाला ऐकू जात नसत. अनंतराव जेवणाचं ताट वेळेवर पाठवत, गोळ्या मोजून देत, समोर बसत नसत. दुकानाची वर्दळ महिन्याभरात पहिल्यासारखी झाली.

पौषात, एका सकाळी, कामवाली रुपीबाई चहा घेऊन वर गेली तेव्हा त्या संपल्या होत्या.

भेटायला पुसदचे व्याही आले. “आधी काहीच त्रास नव्हता का हो?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही,” अनंतराव म्हणाले. “नागपूरच्या डॉक्टरांनी मशीन बसवायला नकार दिला. बसवलं असतं तर आज असती.”

व्याह्यांनी सुनेकडे पाहिलं. “असं?”

शाल्मली दारात उभी होती. वडील तिच्याकडे बघत होते.

“हो,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.