मामाजींचं व्हायोलिन अन् आमची परी

आमच्या घरी धुण्याचा ढीग एकवेळ संपेल, पण मामाजींच्या व्हायोलिनचे किस्से संपायचे नाहीत! एक सांगून होत नाही, तोवर मागच्या खोलीत दुसरा तयार होत असतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. रिटायर झाले अन् आमच्या उंद्री गावच्या भजनी मंडळात व्हायोलिन वाजवायचं त्यांनी मनावर घेतलं. गुरू कोण? एक पुस्तक अन् माझा मोबाईल! इकडे माझी परी दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. साधं ‘आई’ पण नाही. माझा जीव टांगणीला, अन् घरात दिवसभर कुंईऽऽ कुंईऽऽ!

*

पुस्तकात लिहिलं होतं, ‘मोठ्या आरशासमोर उभे राहून सराव करावा.’ आमच्याकडचा आरसा तळहाताएवढा. मामाजी गेले सलूनमध्ये! खुर्चीत गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं. मामाजींनी मागे उभं राहून पहिलाच गज ओढला, सलूनवाल्याचा हात उडाला अन् गिऱ्हाइकाची अर्धी मिशी साफ!

सलूनवाल्यानं हात जोडले. “काका, तुमी घरीच वाजवा. आज मिशी गेली, उद्या कोनाचा कान जाईन!”

*

सासूबाईंनी एक दिवस गुपचूप गजाच्या केसांना खोबरेल तेल चोपडलं. “दरवाजा कुरकुरला का तेल घालतोच ना आपन!”

मामाजींनी गज ओढला, तर आवाजच नाही. नुसता घसरतो! मामाजी घामाघूम.

सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “पाहा, आता कसं गोड वाजून राह्यलं!”

*

मग नवा गज आला अन् मोबाईलवर क्लास सुरू झाला. जाहिरात आली की मामाजी “इस्किप!” म्हणत स्क्रीनवर बोट दाबायचे, परी शेजारी बसून पाहायची. आमच्याकडे रेंजची बोंब. व्हिडिओ मध्येच अडकायचा, गोल चक्कर फिरत बसायचं, अन् मामाजी पण गज हवेत धरून थांबायचे. त्यांना तसंच पाठ झालं!

भजनात त्याच जागी ते थांबले. त्यांना पाहून ढोलकी थांबली, टाळ थांबले. सगळं देऊळ गप्प.

आमच्या मिस्टरांनी हळूच विचारलं, “बाबा, काऊन थांबले?”

मामाजी डोळे न उघडता म्हणाले, “थांब बे. लोड होऊन राह्यलं!”

*

परीला चिखलीला डॉक्टरांकडे नेलं, मामाजी पण सोबत आले. ते म्हणाले, “कान एकदम चांगले आहेत. घरात तिच्याशी बोलत जा.”

मी म्हटलं, “कधी बोलू डॉक्टर साहेब? मामाजींचा रियाज चालू असते ना!”

बाहेर आलो तर मामाजी खुश. “कान चांगले हायेत म्हने! मले वाटलंच. लय ध्यान देऊन ऐकते पोरगी माहं वाजवनं!”

मी एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसले. हिच्या बरोबरीची पोरं गाणी म्हणतात हो!

*

अन् मग देवळात मामाजींचा एकट्याचा पहिला कार्यक्रम. गाव गोळा झालेलं. मामाजींनी डोळे मिटून सुरुवात केली. परी माझ्या मांडीवरून उतरली, डुलत डुलत थेट त्यांच्यासमोर गेली. त्यांच्या नाकावर बोट दाबलं अन् माईकमधून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली,

“इस्किप!”

लोक हसून हसून लोळले. मामाजींनी व्हायोलिन खाली ठेवलं.

मी रडतच ओरडले, “मामाजी, थांबू नका! वाजवा, अजून वाजवा!”