चार बोटांचा इशारा

आधी तिचा उजवा हात वर जायचा. तर्जनी, मधले बोट, अनामिका अशी बोटे सावकाश मिटत यायची, शेवटी अंगठा त्यांच्यावर बसायचा, आणि मूठ पूर्ण झाली की मगच ती आमच्या दाराची कडी वाजवायची. हातवारे करत बोलणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिलेली असतात. आवाज करण्यापूर्वी त्याची सूचना देणारे माणूस मी आर्णीत एकच पाहिले.

ती आमच्या शेजारी राहत असे. सगळी गल्ली तिला मावशी म्हणे. तिची वीस वर्षे जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात गेली होती. तिथल्या गोंगाटात हाका ऐकू जात नाहीत. बायका हातांनी बोलतात. एकदा कोणीतरी न सांगता यंत्र सुरू केले आणि तिची करंगळी गेली. तेव्हापासून यंत्र सुरू होण्याआधी उरलेली चार बोटे मिटून ती सर्वांना सावध करू लागली. “सांगून आला तं आवाज बी सोसते,” हे तिचे ठरलेले वाक्य.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आवाज, स्पर्श, उजेड हे सारे तिच्यापर्यंत इतरांपेक्षा फार मोठे होऊन पोहोचते, असे यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावले होते. कुकरच्या शिट्टीने ती थरथरे. दिवाळीचे चार दिवस पलंगाखाली, गोधडी डोक्यावरून ओढून काढी.

मी शिक्षिका. प्रश्न समोर आला की त्याचा तक्ता करायचा, ही माझी सवय. दिवाळीच्या प्रत्येक दिवसाचे चित्र काढून मी पुठ्ठ्यावर चिकटवले आणि तिच्या कानांसाठी कापसाचे बोळे केले. तिने बोळे उपसून फेकले आणि फटाक्याचे चित्र तेवढे नखांनी खरवडून काढले.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. गाड्या येईनात, दिवाळी तोंडावर आली तरी जिनाचे फाटक उघडेना. मावशी घरी बसून होती. एका दुपारी तिने मुलीचा नवा फ्रॉक उचलला, उलटा केला आणि म्हणाली, “हे जरीचं टोचून राह्यलं ना तिले. काहून घालता मॅडम?”

“सणाला नवे कपडे हवेतच ना, मावशी.”

“नवाच घाला. पण आधी जुना करून घाला.”

तिने आतली शिवण आणि जर उसवली, फ्रॉक सहा वेळा धुतला आणि रोज रात्री मुलीच्या उशाखाली ठेवायला लावला. नरकचतुर्दशीला मुलगी तो अंगात घालून अंगणात आली. उटण्याचेही तसेच. मावशीने स्वतःचा हात पुढे केला. मुलीने आधी तो मनसोक्त घासला, मग स्वतःचा.

गल्लीतल्या पोरांना तिने ओट्यावर बोलावून दम भरला. “कायरे पोट्टेहो, फोडाचा अशीन तं मले सांगून फोडजा. नाही तं फराळ बंद!” तिच्या शेवेची कीर्ती मोठी होती. पोरे रांगेत येऊन विचारू लागली, “मावशी, फोडू का?” वात पेटली की ती हात वर करी. पहिले बोट मिटताच मुलगी कान झाके आणि चौथ्याला धडाका होई. पेटलेल्या वातीवर नजर ठेवून ती बोटांची गती अशी सांभाळी की एकदाही चुकली नाही. तिसऱ्या फटाक्याला मुलगी हसली.

ते हसू मावशीसाठी होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

मत्सर हा शब्द मी मुलांना अनेकदा समजावून दिला आहे. त्याचा अर्थ मला त्या ओट्यापाशी कळला. त्यानंतरचे वर्षभर मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून शेजारी पळे. दोघी तासन्तास एक शब्द न बोलता हातांनी गप्पा मारत. मी जवळ गेले की ते हात थांबत. मावशीचे लुगडे मऊ असते म्हणून मी माझ्या साड्यांना कांजी घालणे सोडले. माझी चुरगळलेली साडी पाहून मुख्याध्यापकांनी विचारले, “बाई, तब्येत बरी नाही का?” घरी कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

पुढच्या दिवाळीत मी मावशीला सांगितले, “यंदा लक्ष्मीपूजनाला तिच्याजवळ मीच बसेन. तुम्ही येऊ नका.”

मावशी म्हणाली, “बरं मॅडम. तुमचीच लेक हाय.”

मी तयारी चोख केली. दोन संध्याकाळी गच्चीत उभी राहून घड्याळ लावून वाती मोजल्या. वात पेटल्यापासून दहा सेकंद. दोन सेकंदांना एक बोट. हाताला बोटे पाच असतात. मावशीची मोजणी एकाने अपुरी आहे आणि ती मी नीट करते आहे, या विचाराने मला समाधानही वाटले.

वात पेटली. मी हात वर केला. मुलीने कान झाकले. एक, दोन, तीन, चार. तिने वाट पाहिली. आवाज आला नाही. या वेळी काही होणार नाही, असे समजून तिने हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळून पाहिले. मी पाचवे बोट मिटले. धडाका अगदी माझ्या मुठीबरोबर झाला.

ती किंचाळत पलंगाखाली शिरली. मी वाकले तेव्हा तिने पायांनी मला दूर ढकलले.

सकाळी मावशी आली. जमिनीवर बसून तिने पलंगाखाली नुसता हात सरकवला. बऱ्याच वेळाने दोन लहान हातांनी तो धरला. मावशीने वर न पाहता विचारले, “किती मोजले, मॅडम?”

“पाच.”

तिने बाहेरचा उजवा हात डोळ्यांपुढे धरला, जणू तो प्रथमच पाहत होती. “तुमची बोटं पुरी हायेत. तुमचं काय चुकलं मंग? तिले मीच चार शिकवले.”

तिने मला दोष दिला असता तर बरे झाले असते. दोष स्वतःकडे घेऊन तिने मला रागवायलाही जागा ठेवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात जिन कायमचे बंद झाले. मावशीचा मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर होता. दसऱ्याआधी मावशी त्याच्याकडे राहायला गेली. एसटीत चढताना तिने मुलीला हात करून चार बोटे मिटली, आणि मूठ होताच गाडी सुरू झाली. मुलगी रडली नाही. तिला सांगितले गेले होते.

त्या दिवाळीत ओट्यावर आम्ही दोघीच होतो. पोरांनी सवयीने विचारले, “मॅडम, फोडू का?” मुलगी सरकत जवळ आली. तिने माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, उलटसुलट पाहिला, आणि माझी करंगळी तळव्यात दुमडून स्वतःच्या मुठीत घट्ट धरली. ती माझ्या हातात मावशीचा हात शोधत होती, हे मला समजले आणि लागलेही.

मग तिने पोरांकडे पाहून मान हलवली. वात पेटली. तिचा एक कान तिच्या हाताने झाकलेला होता. दुसरा तिने माझ्या खांद्यावर दाबला. मी उरलेली चार बोटे मिटू लागले.